थ्री नॉट थ्री : बुलेटवाल्यांची नाही, आणि सत्तावन्नची तर नाहीच नाही

वाळवेकर (धागाकर्ता)

घरच्या व्हॉट्सॅप गटावर परवा एक ढकलपत्र आलं. पोलिसांच्या खांद्यावर दिसायची ती जुनी लाकडी रायफल, आणि खाली मजकूर : ‘हीच ती एन्फिल्ड! हिच्याच काडतुसांना चरबी लावली म्हणून १८५७ चा उठाव झाला. इंग्रज गेले, रायफल मात्र राहिली.’ त्याखाली भराभर अंगठे आणि एका काकांचं ‘सरकारला लाज वाटायला हवी’. सरकारला लाज वाटावी अशी कारणं पुष्कळ सापडतील, पण हे त्यातलं नाही.

सत्तावन्नची एन्फिल्ड म्हणजे १८५३ च्या नमुन्याची. ठासणीची. कागदी काडतूस दातांनी फाडायचं, दारू नळीच्या तोंडातून आत ओतायची, गोळी गजाने ठासायची, ठिणगी देणारी स्फोटक टोपी बसवायची आणि मग बार. नळीचा व्यास .५७७ इंच, म्हणजे जवळजवळ दीड सेंटिमीटर. ढकलपत्रातल्या फोटोत आहे ती शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड, मार्क थ्री, म्हणजेच आपली थ्री नॉट थ्री (.३०३). मागून भरायची, बोल्टची (दर बाराला मुठीने मागेपुढे करायच्या दांड्याची), दहा गोळ्यांच्या मॅगझिनची. काडतूस पितळी, त्यामुळे दात लावायचा प्रश्नच नाही. हे रूप १९०७ चं. दोन्हींच्या मध्ये अर्धं शतक आणि तीन रायफली आहेत. १८५३ च्याच नळ्यांना मागून उघडणारी झडप बसवून केलेली स्नायडर, मग मार्टिनी-हेन्री, मग १८८८ ची ली-मेटफर्ड. त्यानंतर १८९५ मध्ये ली-एन्फिल्ड.

सत्तावन्न साली तरी ती नवी रायफल किती जणांच्या हातात होती? फार थोड्यांच्या. तिचं शिक्षण डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे नुकतं सुरू झालं होतं. बंगालच्या बहुतेक पलटणींकडे जुन्याच सपाट नळीच्या बंदुका होत्या. चरबीची अफवा उठली ती जानेवारीत, डमडमला. उठाव मोडल्यावर कंपनी गेली, राणीचं राज्य आलं, आणि हिंदी शिपायाच्या हाती मुद्दाम कमी प्रतीचं शस्त्र द्यायचं धोरण आलं. दिसायला एन्फिल्डसारखीच पण नळीत गोळीला फिरवणाऱ्या खाचा नसलेली, म्हणजे नेम न लागणारी बंदूक खास हिंदुस्थानसाठी बनवली गेली. पुढेही गोऱ्या पलटणीला मार्टिनी मिळाली की तिची जुनी स्नायडर हिंदी पलटणीकडे, असं चालायचं.

मग दोन्हींत ‘एन्फिल्ड’ का? एन्फिल्ड हा कुणी साहेब नव्हे, लंडनच्या उत्तरेचं गाव आहे. तिथे ब्रिटिश सरकारचा शस्त्रकारखाना होता, १९८८ पर्यंत चालला. ली हा मात्र माणूस. जेम्स पॅरिस ली. जन्म स्कॉटलंडचा, बालपण कॅनडात, कर्तृत्व अमेरिकेत. बोल्टखालची सुटी होणारी मॅगझिनची पेटी ही त्याची कल्पना, पेटंट १८७९ चं. म्हणजे इंग्रजी साम्राज्याचं प्रतीक म्हणून जी रायफल मिरवते, तिचा गाभा इंग्रज माणसाने रचलेलाच नाही.

मेटफर्ड जाऊन एन्फिल्ड आलं त्याचं कारण दारूत आहे. मेटफर्डच्या खाचा उथळ आणि गोलसर होत्या. काळ्या दारूची काजळी त्यात अडकत नसे, म्हणून त्या उत्तम. १८९१ च्या सुमाराला कॉर्डाइट ही नवी, बिनधुराची दारू आली. काजळी कमी, पण उष्णता इतकी की त्या उथळ खाचा बघता बघता झिजून जात. एन्फिल्डच्या कारखान्याने पाच खोल, चौकोनी खाचांची नळी काढली आणि तिचं नाव लीच्या नावापुढे लागलं. बाकी रायफल जवळपास तीच राहिली.

आता ‘शॉर्ट मॅगझिन’. यातली मॅगझिन आखूड आहे असं भलेभले सांगतात. आखूड आहे ती रायफल. आधी पायदळाला लांब रायफल आणि घोडदळाला आखूड कार्बाइन अशी विभागणी होती. बोअर युद्धानंतर ब्रिटिशांनी दोघांना मिळून एकच मधल्या मापाची रायफल केली, नळी २५.२ इंचांची. नावाचा सरळ अर्थ ‘आखूड रायफल, मॅगझिनवाली, ली-एन्फिल्ड जातीची’.

आणि बुलेट. रॉयल एन्फिल्ड कंपनी आधी .३०३ बनवायची, मग मोटरसायकली बनवू लागली, हे ऐकून ऐकून कान किटले. रेडिच गावात सायकली बनवणाऱ्या एडी आणि स्मिथ या जोडीला १८९० च्या दशकात एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यासाठी सुटे भाग करायचं कंत्राट मिळालं. त्या आनंदात त्यांनी सायकलीला एन्फिल्ड नाव दिलं, मागून ‘रॉयल’ जोडलं आणि ‘बंदुकीसारखी घडवलेली’ ही जाहिरात केली. रायफलींचा कारखाना सरकारी, सायकलींचा खाजगी. नातं कंत्राटापुरतं.

या रायफलीबद्दल अशा आणखी ऐकीव गोष्टी कुणाकडे असतील तर इथे टाका.

---

बुलेटस्वार_सातारा

अहो, पोटावर पाय आणलात. गाडीच्या टाकीवर तोफेचं चित्र असतं, त्याचं काय? आमच्या ग्रुपात मी गेली कित्येक वर्षं हेच सांगतोय की आपल्या गाडीचे आणि थ्री नॉट थ्रीचे आईबाप एक. आता तोंड कुठे लपवू?

वाळवेकर

लपवू नका, गाडीचं नाव बदला. खरोखर ली-एन्फिल्ड बनवणारी मोटरसायकल कंपनी होती बीएसए. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, नावातच शस्त्रं. टाकीवरच्या बोधचिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली. दोन्ही महायुद्धांत त्यांनी या रायफली ढिगाने काढल्या.

बुलेटस्वार_सातारा

म्हणजे बीएसएवाल्यांपुढे मान खाली. हे जास्त झोंबलं.

---

अनघा_र

धागा आवडला, वाचनखूण साठवली. माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, त्यामुळे रायफलीपेक्षा काडतुसाबद्दल थोडं लिहिते. तिथे गैरसमज जास्त आहेत.

‘थ्री नॉट थ्री म्हणजे गोळीचा व्यास .३०३ इंच’. नाही. .३०३ हा नळीचा व्यास, तोही दोन खाचांमधल्या उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंत मोजलेला. गोळी त्याहून जाड असते, .३११ इंचांच्या आसपास. जाड असते म्हणूनच ती खाचांमध्ये रुतते आणि भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते. गोळी नळीइतकीच असती तर खाचा असून नसल्यासारख्याच. आणि ‘नॉट’ म्हणजे शून्य. लहानपणी आमच्या कॉलनीत काही पोरं ‘थ्री नाही थ्री’ म्हणून चिडवायची, ते वेगळं.

पुंगळीच्या बुडावर ‘के एफ’ दिसलं तर ती खडकीची. कारखाना १८६९ चा, म्हणजे ही रायफल जन्माला यायच्या आधीपासूनचा. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा कारखाना मात्र १९६४ चा, चीन युद्धानंतरचा. त्याची खूण ‘ओ एफ व्ही’.

अजून एक. युद्धातली मार्क सेव्हन गोळी, ११.३ ग्रॅमची, टोकदार. तिच्या टोकात शिसं नसतं. आवरणाच्या आत पुढच्या भागात ॲल्युमिनियम किंवा दाबलेला लाकडाचा लगदा आणि मागे शिसं. त्यामुळे वजन मागे जातं आणि शरीरात शिरल्यावर गोळी आडवी होते. लाकूड सापडलं म्हणजे ‘कारखान्याने भेसळ केली’ असं समजू नका. वडिलांना हे विचारणारे लोक भेटायचे.

कोकणकडा

@अनघाताई, म्हणजे हीच डमडम गोळी ना? सत्तावन्नच्या डमडमशी तिचा संबंध काय?

अनघा_र

गाव तेच, कोलकात्याजवळचं. गोष्टी दोन. १८५७ मध्ये तिथे नव्या रायफलीच्या शिक्षणाचं केंद्र होतं. चाळीस वर्षांनी तिथल्याच शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले याने .३०३ ची अशी गोळी केली, जिच्या टोकावरचं आवरण काढून शिसं उघडं ठेवलं होतं. लागल्यावर ती फुलून पसरायची. वायव्य सरहद्दीवर आवरणवाली बारीक गोळी आरपार निघून जाते आणि माणूस चालतच राहतो, ही साहेबांची तक्रार होती. १८९९ च्या हेग परिषदेने अशा पसरणाऱ्या गोळ्या युद्धातून बाद केल्या. मार्क सेव्हन त्यानंतरची, १९१० ची, आणि ती पूर्ण आवरणवाली. म्हणून ती डमडम नव्हे. हल्ली वर्तमानपत्रवाले कुठल्याही भयंकर जखमेला डमडम म्हणतात. त्यांचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

---

कोकणकडा

जालियनवाला बागेत मशीनगन चालवली होती असं आमच्या शाळेत शिकवलं. सिनेमातही तसंच पाहिल्याचं आठवतं.

वाळवेकर

मशीनगन नव्हती. डायरने मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या बरोबर आणल्या होत्या, पण बागेकडे जाणारी बोळ इतकी अरुंद की गाड्या आत शिरेनात. त्या बाहेरच उभ्या राहिल्या. आत गेले ते रायफलवाले पन्नास हिंदी शिपाई, आणि त्यांच्याकडे होती .३०३ ली-एन्फिल्ड. सुमारे दहा मिनिटांत १६५० फैरी. गाड्या आत नेता आल्या असत्या तर मशीनगनही चालवली असती, हे डायरने स्वतः चौकशीच्या हंटर समितीपुढे कबूल केलं.

मशीनगन म्हटलं की कृत्य अधिक क्रूर वाटतं, म्हणून गोष्ट तशी सांगितली जात असावी. मला उलट वाटतं. बोल्टच्या रायफलीत प्रत्येक गोळीला हात हलवावा लागतो. मूठ वर, मागे, पुढे, खाली, नेम, चाप. गर्दी जिकडे दाट तिकडे नेम धरायला सांगून हे सोळाशे पन्नास वेळा करवून घेतलं गेलं.

कोकणकडा

... हे असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

---

निवृत्त_हवालदार

नमस्कार मंडळी. मी जिल्हा पोलिसात होतो. थ्री नॉट थ्री खांद्यावर वागवली आहे, पण सुरुवातीला कोषागाराच्या गार्डला आमच्या हाती असायची ती मस्केट. फोर टेन मस्केट. दिसायला हुबेहूब थ्री नॉट थ्री, तोच बोल्ट, तोच दस्ता. पण एका वेळी एकच काडतूस. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा. नवी पोरं म्हणायची, ही बिघडलेली थ्री नॉट थ्री आहे. आमचे उस्ताद म्हणायचे, बिघडलेली नाही, बिघडवलेली आहे. याचं कारण कुणी सांगेल काय?

वाळवेकर

तुमच्या उस्तादांना दंडवत. अगदी नेमकं बोलले.

बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात .३०३ च्या रायफलींची नळी कोरून आतून सपाट केली, व्यास .४१० इंचांचा केला आणि एकबारी बनवल्या. काडतूस .३०३ चंच, फक्त मान सरळ केलेलं. सत्तावन्नची धास्ती इथपर्यंत आली होती. तुरुंगाचा, खजिन्याचा पहारेकरी फितूर झाला किंवा कुणी त्याची बंदूक हिसकावली, तरी ती दूरवर नेम धरायला निकामी. आणि लष्कराचं .३०३ काडतूस तिच्यात चालू नये, तिचं काडतूस लष्कराच्या रायफलीत चालू नये, हाही हेतू. इंग्रज गेल्यावरही पोलिसांकडे ती किती वर्षं राहिली ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

निवृत्त_हवालदार

राहिली. नीट राहिली. मी ती वागवली.

---

ॲड_चिंतामणी

मस्केटचा विषय निघालाच आहे तर परवान्याचं लिहितो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची पक्की समजूत असते की .३०३ ‘प्रतिबंधित बोअर’ (बोअर म्हणजे नळीचा व्यास) आहे, म्हणजे साध्या परवान्यावर मिळत नाही, कारण ती फार ताकदवान. साफ चूक.

१९६२ च्या शस्त्र नियमांचं (२०१६ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) परिशिष्ट काढून बघा. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरच्या बोल्ट किंवा अर्धस्वयंचलित रायफली, आणि ज्यात ही सरकारी काडतुसं चालतील अशी दुसऱ्या कुठल्याही बोअरची रायफल. पुढे त्याच दमात .४१० ची मस्केट. हवालदारसाहेबांची ती मुद्दाम बिघडवलेली, सपाट नळीची, एकबारी मस्केट प्रतिबंधित! कसोटी ताकदीची नाही. सरकारी माणसाच्या कमरेला असलेलं काडतूस तुमच्या बंदुकीत चालतं का, एवढीच ती कसोटी.

उलट बाजू बघा. .३०-०६ ही अमेरिकी सैन्याची दोन्ही महायुद्धांतली गोळी. .३०३ पेक्षा सरस, त्याबद्दल वाद नाही. तिची शिकारी रायफल आपल्याच सरकारी कारखान्याची, आणि ती साध्या परवान्यावर मिळते. कारण आपल्या सैन्याकडे ते काडतूस नाही.

विदर्भातला_गडी

वकीलसाहेब, आमच्याकडे जुन्या मालगुजारांकडे .३१५ असते. लोक म्हणतात तीन पंधरा ही थ्री नॉट थ्रीपेक्षा मोठी, म्हणून तिचा मार जास्त. खरं का?

ॲड_चिंतामणी

मोठी आहे, पण संथ आहे. रायफलीचा सांगाडा ली-एन्फिल्डचाच, इशापूरचाच. काडतूस मात्र ऑस्ट्रियाचं, आठ मिलिमीटर मानलिखर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी हिंदुस्थानात खाजगी माणसाला .३०३ बंद केली. शिकार करणारे साहेब आणि संस्थानिक यांना रायफल तर हवी. मग असं काडतूस शोधलं की जे इथल्या कुठल्याही पलटणीकडे नाही. जड गोळी, बेतास बात वेग. जनावराला पुरेशी, पण .३०३ च्या पुढची अजिबात नाही. स्वातंत्र्य मिळालं, शस्त्र कायदा १९५९ साली नवा केला, पण ही विचारसरणी आपण जशीच्या तशी उचलली.

विदर्भातला_गडी

म्हणजे बंदी सायबाची अन् चालवली आपण. बरं झालं सांगितलं, पुढच्या लग्नात मालगुजाराच्या पोराला ऐकवतो.

---

ह्यूस्टनकर

उशीरा आलो. इथे टेक्सासमध्ये जुन्या फौजी रायफलींचा भरपूर शौक आहे, आणि आपल्या इशापूरच्या २ए आणि २ए१ या ७.६२ मिलिमीटरच्या बोल्ट रायफली इथे शेकड्यांनी आल्या. रेंजवर कुणीतरी हमखास सांगतो : ‘ही जुनी .३०३ आहे, भारतीयांनी तिचा चेंबर (काडतूस बसायची जागा) कोरून ७.६२ केली, फुटेल हातात.’ मी मराठी, मग मलाच स्पष्टीकरण मागतात. माझं उत्तर ठरलेलं. .३०३ ची पुंगळी ५६ मिलिमीटर लांब, ७.६२ नाटोची ५१. लांब चेंबर कोरून आखूड कसा करणार? कोरून भोक मोठं होतं, लहान होत नाही.

वाळवेकर

छान. त्यात थोडी भर. २ए नव्याने बनवलेली रायफल आहे. १९६२ च्या युद्धानंतर सैन्य ७.६२ कडे वळलं. मुख्य रायफल बेल्जियन एफएनच्या धर्तीची १ए, आपण जिला एसएलआर म्हणतो. तिचं उत्पादन पुरेसं होईपर्यंत आणि मागच्या फळीला काहीतरी हवं म्हणून इशापूरने जुन्याच आराखड्यावर, पण जास्त चिवट पोलाद वापरून ही काढली. पोलाद बदललं कारण ७.६२ चा दाब .३०३ पेक्षा जास्त. मॅगझिन चौकोनी खोक्यासारखी, दस्त्याचं बूड एसएलआरचं. कुठल्याही देशाच्या फौजेसाठी नव्याने आखलेल्या बोल्टच्या पायदळी रायफलींत ही जवळजवळ शेवटची.

२ए आणि २ए१ यांत फरक नेम धरायच्या पट्टीचा. पहिलीवर २००० पर्यंतचे आकडे, दुसरीवर ८००. यावरून एक दंतकथा आठवली, ‘थ्री नॉट थ्री दोन किलोमीटरवरचा माणूस टिपते’. महायुद्धाआधीच्या मार्क थ्रीवर डाव्या बाजूला आणखी एक तबकडी असे, २८०० यार्डांपर्यंतची. ती एका माणसाला टिपण्यासाठी नव्हती. दूरवर दिसणाऱ्या जमावावर किंवा तोफखान्यावर अख्ख्या तुकडीने एकदम फैरी झाडायच्या, त्यासाठी. पहिल्या महायुद्धात खंदकांत त्याचा उपयोग नाही म्हटल्यावर ती काढून टाकली आणि मार्क थ्रीपुढे तारका लागली. दोन किलोमीटरवर साध्या डोळ्यांनी माणूस दिसतो किती, हेच आधी बघा.

ह्यूस्टनकर

आणि इथे आणखी एक गोंधळ. भारत-पाकिस्तान दोघांच्याही रायफलींना सरसकट ‘इशापूर’ म्हणतात. पाकिस्तानने वाह गावच्या कारखान्यात नंबर ४, म्हणजे ली-एन्फिल्डचं नंतरचं रूप, बनवली, जी आपण कधी बनवलीच नाही. इशापूर शेवटपर्यंत नंबर १ वर, म्हणजे मार्क थ्रीच्याच जातीवर राहिलं. शिवाय दर्रा आदम खेल या पाकिस्तानातल्या बंदुका घडवणाऱ्या गावच्या घरगुती नकला वेगळ्याच. त्यांच्यावरचं एन्फिल्डचं स्पेलिंग बघून हसू आवरत नाही, पण त्या झाडायच्या भानगडीत पडू नये.

---

मुलुंड_पूर्व

हे सगळं ठीक. पण २६/११ ला सीएसटीवर पोलिसांच्या हाती हीच होती ना? एके-४७ समोर शंभर वर्षांपूर्वीचं लाकूड. ही दंतकथा नाही.

निवृत्त_हवालदार

दंतकथा नाही. होती. पण ‘रायफल चालली नाही’ असं जे म्हणतात ते अर्धवट आहे. रायफल चालते. माणसाच्या हातात ती चालली पाहिजे, त्यासाठी वर्षातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गोळ्या झाडून भागत नाही. सराव असलेला माणूस बोल्टवर मिनिटाला पंधरा नेमके बार काढायचा, ही जुनी इंग्रजी फौजेची कसोटी. आमच्यातले किती जण पाच काढू शकले असते? आणि काढले असते तरी समोरच्याचं हत्यार एका चापात झडी लावणारं. तिथे पंधराही कमीच.

मुलुंड_पूर्व

काका, तुमच्याबद्दल बोलत नव्हतो. ज्यांनी ती तुमच्या हाती तेव्हापर्यंत ठेवली त्यांच्याबद्दल बोलत होतो.

निवृत्त_हवालदार

माहीत आहे बाळा. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला रीतसर निरोप दिला. म्हणजे तोवर होतीच.

इतिहासवेडा

१९६२ मध्येही हेच झालं. थ्री नॉट थ्रीमुळे हरलो.

वाळवेकर

‘मुळे’ला माझा आक्षेप. चिनी पायदळाकडे स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित हत्यारं होती आणि आपल्याकडे बोल्ट, हे खरं. पण सुती कपड्यांत चौदा हजार फुटांवर पाठवलेली माणसं, तोफखान्याचा पत्ता नाही, रस्ते नाहीत, वरून आदेशांचा गोंधळ. रेझांग लाला मेजर शैतान सिंग यांच्या कुमाऊं तुकडीकडेही हीच रायफल होती, आणि त्यांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. एका रायफलीवर सगळं ढकललं की दिल्लीतल्या लोकांची सुटका होते.

संपादक

६२ साठी वेगळा धागा काढावा. इथे आधीच चार विषय सुरू आहेत.

---

प्रथमेश_एनसीसी

सर, आमच्या कॉलेजच्या एनसीसी खोलीत एक आहे, कवायतीची. सीनियर सांगतात की ती पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आली. बोल्टच्या उजव्या बाजूला पट्टीवर मुकुट, खाली जी आर आय, मग इशापूर, १९४२, नंबर १ मार्क ३ तारका असं काहीतरी. आणि ठिकठिकाणी डी पी. हे काय?

वाळवेकर

फोटो नको टाकूस, अनुक्रमांक दिसेल. वर्णनावरून सांगतो.

१९४२ हे बनवल्याचं साल, म्हणजे पहिल्या महायुद्धाची शक्यताच नाही. जी आर आय म्हणजे सम्राट जॉर्जची मुद्रा, शेवटचं आय ‘सम्राट’चं. प्रजासत्ताकानंतरच्या रायफलींवर त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि आर एफ आय दिसतं. ‘नंबर १’ हेही जुन्या काळाविरुद्ध साक्ष देतं. ब्रिटिशांनी ही आकड्यांची पद्धत १९२६ मध्ये आणली, पहिल्या महायुद्धातल्या रायफलींवर नुसतं आखूड ली-एन्फिल्ड, तीन, तारका असं कोरलेलं असे. तुमच्या सीनियरांची गोष्ट हिंदी फौजेबद्दल म्हणून मात्र खरी आहे. १९१४ च्या शरदात आपल्या पलटणी मार्सेलला उतरल्या तेव्हा त्यांच्या जुन्या रायफली घेऊन त्यांना मार्क थ्री देण्यात आल्या, कारण नवी मार्क सेव्हन गोळी जुनीत नीट बसत नव्हती. परक्या रायफलीची ओळख पटायच्या आत बेल्जियमच्या चिखलात.

डी पी म्हणजे फक्त कवायतीसाठी. नळीच्या मागच्या भागात आरपार भोक पाडलेलं असेल किंवा बोल्टच्या आतली सुई कापलेली असेल, दोन्हीही असतील. अशा रायफलीत कधीही, कुठल्याही कारणाने काडतूस घालायचं नाही.

मॅगझिनच्या जरा पुढे, लाकडातून आडवा आरपार गेलेला स्क्रू दिसतो का?

प्रथमेश_एनसीसी

आत्ता खोलीत जाऊन बघितला. आहे. आणि नळीला भोकही आहे, वरून रंग दिलाय म्हणून आधी कळलं नव्हतं.

वाळवेकर

तो स्क्रू इशापूरचा. लाकूड फाटू नये म्हणून तिथे घालायचे. बाहेरचे संग्राहक त्याला ‘इशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात, ह्यूस्टनकर सांगतीलच. रंग खरवडू नकोस, उस्ताद ओरडतील.